मजकुराखालची नागमोडी रेघ

मुदत ठरलेली आहे आणि कामाचे स्वरूप मात्र अजून पुरते कळलेले नाही, अशा वेळी कोणती कार्यपद्धती निवडावी? हा प्रश्न आज आपण व्यवस्थापनशास्त्राच्या हवाली केला आहे. पुण्यातील विद्वानांनी शंभर वर्षांपूर्वी त्याची दोन भिन्न उत्तरे दिली होती.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी उभारली. लोकांचे पैसे गुंतलेले असल्याने खंड निघणे ही बांधिलकीच होती. पाच प्रस्तावनाखंडांनंतर ते अकारविल्हे नोंदींकडे वळले आणि 23 खंडांचे काम 1920 च्या दशकातच पार पडले. कोशातील नोंदी बऱ्याच अंशी परस्परांपासून स्वतंत्र असतात. म्हणून आराखडा आधी ठरवून काम अनेकांत वाटता येते. मात्र 'अ'चा खंड छापून झाला, की मागे फिरता येत नाही. वेळ पाळण्याची ती किंमत असते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1 एप्रिल 1919 रोजी सुरू झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला ही वाट मोकळी नव्हती. हस्तलिखितांचे परस्परसंबंध उमगल्याशिवाय एकही पाठ निश्चित करता येत नाही, आणि पाठ तपासल्याशिवाय ते संबंध उमगत नाहीत. म्हणून ना. बा. उत्गीकरांनी 1923 मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती विद्वानांपुढे ठेवली. 1925 मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. त्यांनी आदिपर्व 1927 ते 1933 या काळात भागाभागांनी प्रसिद्ध केले. पद्धती सिद्ध झाल्यावर मग रघुवीर, सुशीलकुमार डे, फ्रँकलिन एजर्टन अशा विद्वानांकडे इतर पर्वे सोपविता आली.

या आवृत्तीतील एक साधी खूण मला फार मोलाची वाटते. जो पाठ पुरेसा निश्चित नाही, त्याखाली नागमोडी रेघ आहे. शंका फिटेपर्यंत ग्रंथ अडवून धरला नाही, आणि शंका लपविलीही नाही.

अर्थात याही मार्गाची किंमत होती. सुकथनकर 1943 मध्ये निवर्तले; आवृत्ती पूर्ण झाली 1966 मध्ये. केतकरांना आपला कोश पुरा झालेला पाहता आला, सुकथनकरांना ते भाग्य लाभले नाही. तरीही त्यांचे काम थांबले नाही, कारण पद्धती त्यांच्याबरोबर गेली नव्हती. ती आदिपर्वाच्या प्रस्तावनेत लिहिलेली होती.

प्रबंधाची मुदत जवळ आली, की आपले विद्यार्थी एक तर खात्रीच्या शोधात लिहिणे लांबवितात, नाही तर नसलेली खात्री लिहून मोकळे होतात. त्यांना आपण आधी एवढेच विचारावे: तुमची प्रकरणे कोशातील नोंदींसारखी सुटी आहेत, की महाभारतातील पाठांसारखी एकमेकांत गुंतलेली? सुटी असतील तर आराखडा आखून तारखा पाळाव्यात. गुंतलेली असतील तर एक प्रकरण आधी पुरे करून दाखवावे, आणि जिथे खात्री नाही तिथे नागमोडी रेघ ओढण्याचे धैर्य ठेवावे. परीक्षक म्हणून त्या रेघेचे गुण कापायचे नाहीत, ही जबाबदारी मात्र आपली.