उपरण्याखालचा भाव



व्यवहाराची भाषा स्वच्छ असावी, हा उपदेश आपण शाळेंत पत्रलेखन शिकत होतों तेव्हांपासून ऐकत आलों आहों. मायना शुद्ध असावा, तारीख घालावी, मजकूर आटोपशीर ठेवावा, एवढाच त्याचा अर्थ बहुधा आपल्या मनांत राहतो. परंतु व्यवहारांतील शब्द अस्पष्ट राहिला तर त्याची किंमत शेवटीं कोण भरतो, हा प्रश्न व्याकरणाचा नसून इतिहासाचा आहे. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर त्याचें उत्तर कापसाच्या बाजारांत शोधावें लागतें.

वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळीं वणीच्या नांवानें ओळखला जाई. यवतमाळ हें नांव त्यास १९०५ सालीं मिळालें. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतील कापसाला एकाएकीं मोल आलें. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोंचला. यवतमाळ शहर त्या मार्गापासून दूर. धामणगांवचें स्टेशन येथून २९ मैल. अशा रीतीनें आपल्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव लिव्हरपूल व मुंबई येथें ठरूं लागला, आणि तो त्याच्या कानीं पडे तो केवळ अडत्याच्या तोंडून.

हा भाव ठरे कसा? हिंदुस्थानांतील अनेक बाजारांत जुनी चाल अशी होती कीं, दलाल आणि खरीददार उपरण्याखालीं किंवा रुमालाखालीं हात मिळवीत व एकमेकांचीं बोटें दाबून आंकडा सांगत. या चालीस व्यापाऱ्यांचें समर्थन होतें, आणि तें अगदींच पोकळ नव्हतें: आपण काय भाव देऊं केला हें दुसऱ्या खरीददारास कळूं नये, असें प्रत्येकास वाटणारच. परंतु ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी त्या उपरण्याच्या बाहेर बसलेला असे. त्याच्या वर्षाच्या कष्टांचा निकाल त्याच्या डोळ्यांदेखत लागे, आणि तो त्याला ऐकूं मात्र येत नसे.

भाव कळला तरी अडचण संपत नसे. 'मण' हा शब्द सर्वांच्या तोंडीं एकच. पण मुंबईकडील मण २८ पौंडांचा, व अशा २८ मणांची कापसाची खंडी ७८४ पौंडांची. उलट बंगाली मण सुमारें ८२ पौंडांचा. कोणता मण, हें बोलल्यावांचून भाव सांगणें म्हणजे अर्धेंच वाक्य बोलणें होय. त्यावर अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय आणि कडता हीं निरनिराळीं वजावटींचीं नांवें, व तीं निघत सौदा पुरा झाल्यावर. शेवटीं सारें चोपडींत उतरे तें मोडी अक्षरांत. मोडीला दोष देण्याचें कारण नाहीं. मराठी राज्याचा कारभार शतकानुशतकें तिनेंच वाहिला. परंतु हात न उचलतां भराभर लिहितां यावें, हा तिचा गुण लिहिणाराच्या सोयीचा होता. ज्याला अक्षरओळखच नाहीं, त्याला चोपडी उघडी ठेवली काय आणि मिटली काय, सारखेंच.

या प्रांतांत सुधारणा लवकर सुरू झाली, ही अभिमानाची गोष्ट होय. १८८६ सालीं कारंजें येथें नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, अडते व मापारी यांना परवाने आले, देखरेखीस समिति आली. पण त्या समितींत नगरपालिकेचे दोन व व्यापाऱ्यांचे तीन, असे पांच सभासद; शेतकरी एकही नाहीं. नियम लिहिले गेले, परंतु ज्याच्यासाठीं ते लिहिले त्याला ते समजले कीं नाहीं, हें विचारणारा तेथें कोणी नव्हता. शेतकऱ्यांना अशा समितींत स्थान देणारा कायदा मुंबई इलाख्यानें १९२७ सालीं केला.

कोणी म्हणेल, सर्व कांहीं लेखी केलें म्हणजे झालें. पुणें व नगर या भागांचा अनुभव तसा नाहीं. तेथें सावकारांचे कागद लेखीच होते. आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा झाला तेव्हां लोकांनीं हात घातला तो त्या कागदांवरच. न वाचतां आंगठा उठविलेला कागद हा त्यांना पुरावा वाटत नव्हता, फांस वाटत होता. म्हणून १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या निबंधकासमोर व्हावा व तो त्याला मोठ्यानें वाचून दाखवावा. पावती, वर्षाचा हिशेब व खातेपुस्तक मागण्याचा हक्कही त्यास मिळाला. केवळ लेखनानें काम भागत नाहीं, ऐकणाऱ्याला अर्थ पोंचला पाहिजे, हें तत्त्व येथें कायद्याच्या भाषेंत आलें.

वऱ्हाडच्या बाजारालाही पुढें तोच मार्ग धरावा लागला. १९५६ च्या कायद्यानें देशभर दशमान वजनें आलीं व मणांचा घोंटाळा मिटला. १९६३ च्या महाराष्ट्र कृषि उत्पन्न बाजार कायद्याखालीं उघड लिलाव आला, आणि गुप्त खुणांनीं भाव ठरविण्यास नियमांनीं मनाई केली. आज क्विंटलचा भाव सर्वांसमोर पुकारला जातो, आणि हिशेबपट्टी विकणाराच्या हातीं पडते.

सुशिक्षित कुटुंबांतील आपण मंडळी पत्रें, पावत्या, करार व सूचना रोज लिहितों. आपला मजकूर आपणांस सोपा वाटतो, कारण त्यांतलें सर्व आपल्याला आधींच ठाऊक असतें. भाडेपत्र लिहितांना दुरुस्तीचा खर्च कोणाकडे हें शेवटच्या ओळींत दडविणें, किंमत सांगून वजावट मागाहून काढणें, 'योग्य मुदतींत' असें लिहून दिवस न देणें, या साऱ्या गोष्टी सभ्य दिसतात. परंतु त्या उपरण्याखालच्या सौद्याच्याच जातीच्या होत. आंकडा लिहिला तर त्याचें माप लिहावें, वजावट भावाशेजारींच लिहावी, दिवस तारखेनें लिहावा. आणि ज्याला त्या कागदानें नफा किंवा तोटा होणार, त्याला तो एकदां वाचून दाखवावा. त्यानें प्रश्न विचारला, तर दोष त्याच्या समजुतीचा न मानतां आपलें वाक्य बदलावें.