पावलावरून उंची

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की करमाळा तालुक्यातल्या काठच्या गाळात माणसांची पावले उमटलेली दिसतात. प्रौढ माणसाचे पाऊल त्याच्या उंचीच्या साधारण 15 टक्के भरते; 24 सेंटिमीटरचे पाऊल म्हणजे अंदाजे 160 सेंटिमीटर उंची. पण घसरलेला ठसा लांबतो, आणि नीट मोजलेल्या पावलावरूनही चार-पाच सेंटिमीटरची चूक सहज होते.

हाच हिशेब तीन हजार वर्षांपूर्वीच्या भीमा खोऱ्याला लावायला गेलो आणि अडलो. धरणाच्या वरच्या अंगाला, भीमेला मिळणाऱ्या घोडनदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. जोर्वे संस्कृतीची ही माणसे मृतांना घराच्या जमिनीखालीच, डोके उत्तरेला करून पुरत. आणि प्रौढांची पावले घोट्याखाली तोडलेली सापडली. मेलेल्याने उठून जाऊ नये म्हणून, असा अर्थ संशोधक लावतात. मला तो पटतो. घरातल्याला घरातच ठेवायचे होते. एका पुरुषाची पावले मात्र शाबूत होती. त्याला चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते. तो गावचा प्रमुख असावा, असे मानतात.

बाकीच्यांची उंची काढायची तर मांडीच्या आणि नडगीच्या हाडांकडेच वळावे लागते.