आकाशवाणीच्या धूनमागचा माणूस

पहाटे रेडिओ लावला की भजन, बातम्या यांच्या आधी आकाशवाणीची धून कानी पडते. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, आणि सूर शिवरंजनीचे. ही धून बांधली कोणी, ठाऊक आहे? तिचे श्रेय दिले जाते ते वाल्टर काउफमान या परदेशी संगीतकाराला!

काउफमान यांचा जन्म १९०७ साली बोहेमियात, ज्यू घराण्यात झाला. जर्मनीत हिटलरची सत्ता आली, आणि १९३४ मध्ये ते मुंबईस आले. आपले संगीत प्रथम ऐकले, तेव्हा त्यांना ते मुळीच उमजले नाही. दुसरा कोणी हसून मोकळा झाला असता. यांनी विचार केला, की हे जाणत्या माणसांनी घडवलेले संगीत आहे, तेव्हा उणे असेल ते माझ्यातच. मग ते ऐकत राहिले, शिकत राहिले. मोजक्या वाद्यांच्या बैठकी त्यांनी मुंबईत सुरू केल्या. व्हायोलिनवर मेहली मेहता असत. १९३७ ते १९४६ ते मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीत सांभाळीत होते. पुढे अमेरिकेत शिकवताना त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर ग्रंथ लिहिला. तो १९६८ साली निघाला.

१९४२ साली आपल्या आष्टीने जुलमापुढे मान तुकवली नाही. जुलमामुळे घर सुटलेल्या या माणसाची धून मग आपल्याला परकी कशी वाटावी? आणि गुरुजी, नव्या विषयाला एखादे पोर नाक मुरडू लागले, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.