लुनाचा क्लच आणि औंढ्याचा चढ

१९७२ साली महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर दोन नव्या दुचाक्या उतरल्या. एक बजाजची चेतक, दुसरी फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना. चेतकला चार गिअर होते. डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि तीच मूठ फिरवून गिअर टाकायचा. लुनाला गिअर नव्हता आणि हाताने दाबायचा क्लचही नव्हता. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या मोपेडच्या धर्तीवर बनवलेली ही ५० सीसीची गाडी पेडल मारून सुरू करायची आणि मूठ पिळली की निघायचे.

त्या वर्षी मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. हिंगोलीकडच्या माणसाला तेव्हा नव्या गाडीचे स्वप्नही परवडणारे नव्हते. चेतकसाठी पैसे असले तरी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. लुना स्वस्त होती, हलकी होती आणि सायकल येणाऱ्याला वेगळे काही शिकावे लागत नव्हते. पुढच्या दोन दशकांत खेड्यापाड्यांतले शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले तिच्यावर दिसू लागले, ते याच कारणांनी.

मात्र गिअर नसलेल्या गाडीतही गिअरचे गुणोत्तर असतेच. ते कारखान्यात एकदाच ठरलेले असते आणि मालकाला त्यात काही करता येत नाही, इतकेच.

लुनाचा आपोआप धरणारा क्लच उघडला की आतली रचना चटकन ध्यानात येते. इंजिनाबरोबर फिरणारे, लायनर चिकटवलेले शू आणि त्यांना आत ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. बाहेरून ड्रम. इंजिन सावकाश फिरत असेल तर स्प्रिंगा जिंकतात आणि गाडी जागेवर उभी राहते. फेरे वाढले की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला घासतात आणि शेवटी त्याला घट्ट धरतात. हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट झाले की जोर चौपट. म्हणून पकड चटकन बसते, आणि फेरे पडले की तितक्याच चटकन सुटते.

ही सुटणारी पकडच हिंगोली जिल्ह्यासारख्या मुलखात लुनाची परीक्षा पाहायची. वसमतकडची जमीन सपाट, काळीभोर. औंढा नागनाथच्या आसपास आणि वर सेनगावकडे मात्र डोंगर आणि माळ. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. तोवर जिल्हा कचेरीच्या कामाला परभणी गाठावी लागे आणि हिंगोलीहून वाट औंढ्यावरून जायची. मागे कॅन किंवा पोते बांधलेली लुना चढाला लागली की इंजिनाचे फेरे पडत. शू ड्रमला पुरते धरत नसत, नुसते घासत. अशा वेळी मूठ आणखी पिळली तर ताकद चाकापर्यंत न पोचता उष्णता होऊन क्लचमध्येच जिरते. लायनर तापून काचेसारखे गुळगुळीत होतात, जळका वास सुटतो. पुढे मेकॅनिक शू काढून पॉलिश पेपरने घासून देतो किंवा नवे बसवतो. जाणता स्वार म्हणून मूठ पिळत बसत नसे, पेडल मारी. इंजिनाला पायांची जोड मिळाली की फेरे सावरत. लुनाची पेडले नुसती सुरू करण्यापुरती नव्हती. कारखान्याने न दिलेला चढाचा गिअर स्वाराच्या पायांत होता.

एकाच गुणोत्तराचे आणि क्लचचे हेच गणित गो-कार्ट या शर्यतीच्या छोट्या गाडीत उघड्यावर मांडलेले असते. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसगाड्या बांधणाऱ्या कारागिराने पाइपच्या सांगाड्यावर वेस्ट बेंड कंपनीचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन बसवले. ती पहिली कार्ट. १९५९ मध्ये लाकूड कापायच्या करवतीची इंजिने बनवणाऱ्या मॅककलक कंपनीने खास कार्टसाठी इंजिन काढले. करवतीतही असाच आपोआप धरणारा क्लच असतो.

कार्टच्या मागच्या धुरीवरचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, ६० दात्यांचे आणि इंजिनाकडचे १० दात्यांचे असेल तर गुणोत्तर ६. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर धुरी १,००० फिरते. २८ सेंटिमीटर व्यासाचे टायर एका फेऱ्यात साधारण ८८ सेंटिमीटर जाते. म्हणजे ताशी ५३ किलोमीटरच्या आसपास. मागे ५० दाते बसवले की त्याच फेऱ्यांना वेग ६३ वर जातो. नवखा इथेच भुलतो. वेगाच्या लोभाने मागचे स्प्रॉकेट लहान करतो. मग प्रत्येक वळणातून बाहेर पडताना इंजिन क्लच धरण्याच्या फेऱ्यांखाली जाते आणि औंढ्याच्या चढावर लुनाचे जे होत होते तेच होते. शू घासतात, तापतात, जळतात. वळणे जास्त आणि सरळ पट्टा लहान असेल तर मागे जास्त दाते हवेत. क्लचची पकड इंजिनाची ओढ भरात येते त्या फेऱ्यांच्या जवळ बसली पाहिजे. स्प्रिंगा नरम असल्या तर गाडी अलगद पण मरगळलेली निघते, फार कडक असल्या तर पकड बसेपर्यंत शू तापतात.

महाराष्ट्रात कोल्हापुरात हा खेळ रुजला आहे. मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर पोरे कार्ट शिकतात. तिथे दाते बदलून पुन्हा फेरी मारून पाहता येते. लुनावाल्याला ती मुभा कधीच नव्हती, आणि तरी त्याने एकाच गुणोत्तरावर पाऊस, चिखल, चढ आणि ओझे निभावले. या मोटारविद्येची दखल फारशी कुणी घेतली नाही, पण ती घ्यायला हवी.

एकाच गुणोत्तराचा हा अडसर पुढे फिरोदियांनीच दूर केला. १९८४ मध्ये होंडाशी करार झाला आणि कायनेटिक होंडा ही स्कूटर आली. तिच्यात पट्टा आणि रुंद-अरुंद होणाऱ्या पुल्या होत्या. चढ आला की गुणोत्तर आपोआप बदलायचे. आज हिंगोलीच्या बाजारात उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक बिनगिअर स्कूटरमध्ये हीच रचना आहे, आणि त्या पट्ट्यामागे लुनासारखाच शू आणि ड्रमचा क्लच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लुना आली. तिची विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासूनच ओढते, त्यामुळे तिला क्लच लागत नाही. पेडलही नाही.