कंपनापासून कामगारांचे संरक्षण

यंत्राची किंवा हत्याराची कंपने शरीरात शिरून कामगाराला होणारी इजा टाळण्याचे तांत्रिक, वैद्यकीय व कायदेशीर उपाय. ब्रेकर, ग्राइंडर, चेनसॉ यांची कंपने तळहातातून बाहूत चढतात. डंपर, ट्रॅक्टर, रोड रोलर यांची आसनातून थेट कण्याला भिडतात. हातासाठी 8 ते 1000 हर्ट्‌झ ही कंप्रता विचारात घेतात, सर्व शरीरासाठी 0.5 ते 80. उभ्या दिशेच्या 4 ते 8 हर्ट्‌झ कंपनांना कणा सर्वाधिक प्रतिसाद देतो. म्हणूनच वर्षानुवर्षे अवजड वाहन चालवणाऱ्यांत कंबरदुखी इतकी आढळते.

हाताच्या विकारात बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात. आधी काम संपल्यावर मुंग्या येतात, मग बधिरता टिकून राहते. थंडीत बोटांची टोके पांढरीफटक पडतात आणि रक्त परतताना ठणकतात. पुढे पकड सैल होते, सदऱ्याचे बटण लावता येत नाही. वेळीच काम थांबवले तर पांढरेपणा कमी होऊ शकतो. मज्जातंतूंची हानी मात्र सहसा भरून येत नाही आणि तिच्यावर खात्रीचे औषध नाही.

इटलीतील वैद्य जोव्हानी लोरिगा यांनी 1911 मध्ये हवेच्या दाबावरची हत्यारे वापरणाऱ्यांच्या या विकाराची नोंद केली. 1918 मध्ये ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातील बेडफर्डच्या चुनखडी खाणींतील पाथरवट तपासले. बहुतेकांची बोटे पांढरी पडत होती आणि छिन्नी धरणारा डावा हात अधिक बाधित होता. साठ वर्षांनी त्याच खाणींत पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही विकार जवळपास तितकाच आढळला. कारण ठाऊक असूनही हत्यार बदलले नाही, तर काय होते याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार आठ तासांच्या पाळीवर सरासरी काढलेले हातावरील कंपन 2.5 मी./से.² झाले की मालकाने उपाय योजलेच पाहिजेत. 5 ही कमाल मर्यादा. सर्व शरीरासाठी हेच आकडे 0.5 व 1.15 आहेत. कंपन दुप्पट झाले की मुभा असलेला वेळ एक चतुर्थांशावर येतो: 10 मी./से.² कंपनाच्या ब्रेकरने दोन तासांत मर्यादा गाठली जाते, 20 च्या ब्रेकरने अर्ध्या तासात.

खरा उपाय कंपन उगमाशी कमी करण्याचा आहे. हाताने फोडण्याऐवजी पोकलेनला जोडलेला ब्रेकर, रबरी आधारावर बसवलेली मूठ, धार लावलेली छिन्नी, वेळेवर बदललेले बेअरिंग. फिनलंडच्या एका जंगलभागात चेनसॉचे कंपन 14 वरून 2 मी./से.² वर आल्यावर लाकूडतोड्यांतील पांढऱ्या बोटांचे प्रमाण 1972 मधील 40 टक्क्यांवरून 1990 पर्यंत 5 टक्क्यांवर उतरले. कंपनरोधक म्हणून विकले जाणारे हातमोजे कमी कंप्रतेची कंपने फारशी अडवत नाहीत. ऊब देतात एवढा त्यांचा उपयोग धरावा. खाणींत वाहतुकीचा रस्ता सपाट ठेवणे आणि वेग आवरणे हे नव्या आसनाइतकेच महत्त्वाचे असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1977 चा करार (क्रमांक 148) हवेचे प्रदूषण, गोंगाट व कंपन यांविषयी आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. नागपूरच्या राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थेने अवजड वाहनचालकांना बसणाऱ्या कंपनांचा अभ्यास केला आहे. रस्ते खोदणारे, खडी फोडणारे, फरशी घासणारे यांच्याकडे मात्र लक्ष कमी जाते. त्यांतले पुष्कळजण उक्ते काम घेतात. हत्यार खाली ठेवले की मजुरी बुडते. त्यामुळे आलटून-पालटून काम देण्याची व्यवस्था मजुरीला धक्का न लावता केली, तरच वेळेची मर्यादा पाळली जाईल.

उष्ण हवेत पांढरी बोटे क्वचितच दिसतात, पण मज्जातंतूंची झीज चालूच असते. तेव्हा आपल्याकडील तपासणीत डॉक्टरांनी बोटांच्या रंगावर विसंबू नये. रात्री हाताला मुंग्या येतात का आणि बटण लावता येते का, हे प्रत्येक कामगाराला विचारावे.