मोहाच्या मुलखात शार्डोने

धुळे जिल्ह्यातल्या साक्री-शिरपूरच्या आदिवासी पट्ट्यात दारू म्हणजे मोहाची. 1878च्या मुंबई अबकारी कायद्याने या घरगुती भट्ट्यांवर सरकारचा हात पडला, तरी फुलं वेचणं थांबलं नाही.

द्राक्षाची वाईन त्या मानाने कालची. नारायणगावात शामराव चौगुल्यांनी 1980च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळती वाईन काढली. 2001मध्ये राज्याचं वाईन धोरण आलं आणि धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने गाठता येणाऱ्या नाशिकभोवती वायनऱ्या उभ्या राहिल्या.

शार्डोने या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षासाठी मात्र सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज पाहावं. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू या तीन घराण्यांनी 2007मध्ये तिथे ‘फ्रातेल्ली’ सुरू केली. वाईन घडवायला तस्कनीचे पिएरो मासी आले. उसाच्या तालुक्यात हे धाडसच! थंड हवेतली शार्डोनेची ही जात इथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हिवाळ्यात पिकवतात, नाहीतर उन्हाने आंबटपणा उतरतो.

ओक लाकडाच्या पिंपात तिची वाईन मुरली की व्हॅनिला आणि भाजल्याचा वास येतो. आयातीचं पिंप महाग, म्हणून स्वस्त बाटलीत ओक बेताचाच असतो. खानदेशी तिखट शेवभाजीपुढे तेच बरं.