विंचू : वडूज आणि खटाव–माणच्या माळावरील जाती

अष्टपाद वर्गातील (ॲरॅक्निडा) विंचू गणाचे प्राणी. कोळी, गोचीड आणि लांब काटकुळ्या पायांचा हार्वेस्टमन हे विंचवाचे भाऊबंद आहेत. पायांच्या चार जोड्या असल्यामुळे विंचवाची गणना कीटकांत होत नाही. जगात त्याच्या २,५०० हून अधिक, तर भारतात १५० हून अधिक जाती आहेत. हार्वेस्टमन बहुधा ओलाव्याच्या आश्रयाने राहतो. विंचवाच्या कवचावर मात्र मेणचट थर असतो आणि तो अंगातले पाणी सहसा बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे उष्ण व कोरड्या माळावर विंचू टिकून राहतो. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे ठाणे असलेले वडूज आणि भोवतालचा माण–खटावचा मुलूख हे असेच त्याच्या सोयीचे ठिकाण आहे.

भूप्रदेश : वडूज येरळा नदीकाठी वसले आहे. येरळा महादेव डोंगररांगेत उगम पावते आणि पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. सातारा जिल्ह्यात पावसाचा उतार फार तीव्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेले वडूज पर्जन्यछायेत येत असल्याने येथे तो ५०० मिलिमीटरच्या आसपासच राहतो. जमीन काळ्या पाषाणाची, वर मुरमाचा पातळ थर, त्यावर कुसळीचे गवत, बोर, बाभूळ आणि हिवर. भूषणगड, वर्धनगडाच्या उतारांवर सुटे दगड विखुरलेले असतात आणि शेताच्या बांधांवर गोळा केलेल्या धोंड्यांच्या राशी पडलेल्या असतात. दुपारी दगडाचा वरचा भाग हात लावू देत नाही, पण त्याच्या खालची माती गारच राहते. विंचवाचे घर याच गारव्यात असते.

शरीररचना : विंचवाचे अंग शिरोवक्ष आणि पोट अशा दोन भागांचे असते. पोटाचा मागचा भाग निमुळता होऊन पाच पेरांची शेपटी बनते. तिच्या टोकाला विषाची कुपी व काटा असलेली नांगी असते. पुढे दोन चिमटे असतात. पोटाखाली कंगव्यासारखी दोन इंद्रिये असतात. त्यांनी जमीन चाचपत तो वास आणि खडबडीतपणा ओळखतो. डोळे असूनही दृष्टी मंद असते. भक्ष्याची चाहूल त्याला पायांना जाणवणाऱ्या कंपनांतून लागते. अतिनील किरणांच्या बॅटरीच्या झोतात विंचू हिरवट-निळा चमकतो. कात नुकतीच टाकलेली असेल, तर कवच कडक होईपर्यंत ही चमक दिसत नाही. अभ्यासक रात्री विंचू शोधतात ते याच उजेडात.

जाती आणि प्रसार : लाल विंचू (हॉटेन्टोटा टॅम्युलस) ही वैद्यकीय दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची जाती होय. तिचे वर्णन फॅब्रिशियस यांनी १७९८ मध्ये केले. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणात तसेच देशावर, ती आढळते. हा विंचू ५ ते ९ सेंटिमीटर लांब, तांबूस ते गडद तपकिरी रंगाचा असतो. पाय फिके, चिमटे बारीक आणि शेपटी जाड असते. धोंड्याखाली, मातीच्या भिंतींच्या भेगांत, माळवदाच्या घरांच्या फटींत आणि कडब्याच्या गंजीत तो राहतो. माणसाच्या वस्तीला इतका लगटून राहत असल्यामुळेच त्याचा दंश वरचेवर होतो.

मोठ्या काळ्या विंचवाला ‘इंगळी’ म्हणतात. दख्खनमधील इंगळ्या पूर्वी हेटेरोमेट्रस प्रजातीत गणल्या जात. २०२० च्या फेरमांडणीनंतर त्यांतील बऱ्याच जाती डेक्कनोमेट्रस प्रजातीत गेल्या. इंगळी १० सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून लांब वाढते. तिचे चिमटे खेकड्यासारखे जाड आणि शेपटी त्या मानाने बारीक असते. ती बांधाच्या मातीत बीळ करून राहते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी तिचे चिमटे दिसू लागतात. तिचा दंश दुखतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. लोक मात्र आकाराला भिऊन इंगळीला ठेचतात आणि किरकोळ दिसणाऱ्या लाल विंचवाकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक चिमटे बारीक व शेपटी जाड असेल, तर विष जहाल समजावे, हा नियम येथे उपयोगी पडतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्याकडे गेले, की चित्र बदलते. तेथे कातळाच्या अरुंद भेगांत चपट्या अंगाचे विंचू राहतात. त्यांपैकी एका जातीला साताऱ्याचेच नाव मिळाले आहे : स्कॉर्पिऑप्स सॅटॅरेन्सिस. आर. आय. पोकॉक यांनी १९०० मध्ये तिचे वर्णन केले. मधल्या काळात ती निओस्कॉर्पिऑप्स या प्रजातीत गणली जात होती. बी. के. टिकाडर आणि डी. बी. बास्तावडे यांनी १९८३ मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेत विंचवांवर खंड सिद्ध केला. भारतीय विंचवांच्या अभ्यासाचा तो आधारग्रंथ मानला जातो.

जीवनक्रम : विंचू निशाचर आहे. झुरळे, रातकिडे, नाकतोडे, भुंगेरे आणि कोळी हे त्याचे अन्न. भक्ष्य चिमट्यांत धरून तो त्यावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेले अन्न शोषून घेतो. चयापचय अतिशय मंद असल्यामुळे खाण्यावाचून तो महिनोन्‌महिने तग धरतो, आणि दुष्काळी मुलखात ही क्षमता मोलाची ठरते. लख्ख चांदण्यात तो बाहेर कमी पडतो.

मीलनाच्या वेळी नर मादीचे चिमटे धरून तिला पुढे-मागे नेतो, सपाट जागा सापडली की तेथे शुक्रपुटी ठेवतो आणि मादीला तिच्यावर आणतो. मादी अंडी घालत नाही, ती पिलांनाच जन्म देते. पांढुरकी, मऊ पिले आईच्या पायांवरून चढून पाठीवर दाटीवाटीने बसतात. पहिली कात टाकेपर्यंत ती तेथेच असतात आणि मग एकेक करून उतरतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण या दृश्यातून आली. पिले आईचे पोट फोडून बाहेर येतात किंवा तिला खाऊन टाकतात, हा समज चुकीचा आहे.

परिसंस्थेतील स्थान : विंचू पिकांवरील आणि घरातील किडे खातो. तो स्वतः पिंगळा, मुंगूस, साप, सरडे आणि घोण यांचे भक्ष्य बनतो. त्याची वाढ सावकाश होते. प्रौढ होईपर्यंत त्याला अनेक वेळा कात टाकावी लागते आणि पिले जन्मस्थानापासून फार दूर जात नाहीत. त्यामुळे एखादा माळ यंत्राने सपाट केला किंवा धोंडे खडीसाठी उचलले, की तेथील विंचवांचा आसराच नाहीसा होतो. जिहे–कठापूर आणि उरमोडी या सिंचन योजनांच्या पाण्याने खटाव–माणची शेती बदलते आहे. येथल्या शेतकऱ्याने पाण्याची वाट फार वर्षे पाहिली आणि ते पाणी त्याच्या हक्काचेच आहे. ओलिताखाली न येणारे गवताळ उतार आणि गडांचे पायथे मात्र दगडांसह राखले पाहिजेत, कारण माळावरची जीवसृष्टी त्यांवरच उभी आहे.

दंश आणि उपचार : लाल विंचवाच्या विषाने शरीरातील स्वायत्त चेतासंस्था एकदम खवळते. वेदना, ओकाऱ्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही लक्षणे दिसतात. रक्तदाब वाढतो, पुढे हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साचते. लहान मुलांना धोका सर्वाधिक असतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण वर्षानुवर्षे उशाशी बसून तपासले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषावर उपयोगी पडते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या औषधापूर्वी गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. नंतर ते ३ टक्क्यांच्या आसपास आले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असेही त्यांनी २०११ मध्ये मांडले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हेच विष संशोधनालाही उपयोगी ठरले आहे. त्यातून वेगळे काढलेले आयबेरिओटॉक्सिन हे प्रथिन पेशींतील विशिष्ट पोटॅशियम मार्ग बंद करते. १९९० पासून शास्त्रज्ञ स्नायू व रक्तवाहिन्यांच्या अभ्यासात ते वापरत आले आहेत.

‘विंचू उतरवणाऱ्या’ मांत्रिकांना यश येते असे वाटते, कारण बरेच दंश मुळातच सौम्य असतात आणि वेदना आपोआप ओसरते. जहाल दंशात याच विश्वासापायी उपचाराची वेळ निघून जाते.

काळजी : दंशाचे प्रमाण उन्हाळ्यात आणि पावसाळा सरताना वाढते. बांधाचा दगड उचलताना त्याची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे उलथावा, म्हणजे खालचा प्राणी दुसऱ्या बाजूला राहतो. कडबा, गोवऱ्या व सरपण यांत उघडा हात घालू नये. चप्पल-बूट व अंथरूण झटकून वापरावे. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाताना बॅटरी आणि पायांत बूट असावेत. दंश झाल्यास जागा कापू नये, आवळून बांधू नये. लाल विंचू चावलेल्या मुलाला घाम फुटण्याची वाट न पाहता थेट दवाखान्यात न्यावे.